कांचपेटींतला समुद्र आणि वैशाखांतलें ऊन

प्रवाळ म्हटलें कीं आपल्या घरांतून दोनच गोष्टी आठवतात : मंगळाच्या अंगठींतलें तांबडें पोवळें आणि वैद्यबुवांच्या बाटलींतलें प्रवाळभस्म. परंतु हीं दोन्हीं प्रवाळाचीं मृत रूपें होत. जिवंत प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडहि नव्हे. चुन्याच्या एकाच सांगाड्यावर शेजारीं शेजारीं राहणाऱ्या, परस्परांशीं जोडलेल्या असंख्य इवल्या प्राण्यांचें तें एक एकत्र कुटुंबच आहे. त्याच्या आश्रयानें रंगीत मासे, कोळंबी, खेकडे, शंखवासी जीव असा मोठा गोतावळा नांदत असतो. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें तेव्हांपासून आपल्या दोन-तीन पिढ्यांनीं समुद्रांतले असे जीव कांचेपलीकडून कौतुकानें पाहिले. आतां तोच देखावा लहान प्रमाणावर घरीं मांडण्याची हौस किनाऱ्यापुरती राहिलेली नाहीं. समुद्राचें पाणी बनविण्याचें तयार मीठ, पंप, दिवे हें सारें घरबसल्या मागवितां येतें. रांजणगांव-कुरकुंभच्या कारखान्यांतला एखादा तरुण अभियंता, किंवा दौंड जंक्शनवरचा एखादा रेल्वे-कर्मचारी, आपल्या दिवाणखान्यांत समुद्र मांडूं म्हणेल तर त्याला किनाऱ्याच्या अंतराची अडचण पडणार नाहीं. अडचण पडेल ती उन्हाची.

शिरूर घोडनदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या. दोन्हीं गांवें सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशांत. समुद्रावरची दमट झुळूक येथें पोंचत नाहीं. चैत्र-वैशाखांत पारा चाळिसाच्या घरांत जातो आणि पत्र्याचीं व स्लॅबचीं घरें रात्रीं उशिरांपर्यंत धगधगत राहतात. अशा घरांत २६ अंशांचा समुद्र कसा टिकवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जो कोरडा वारा या गांवांना भाजून काढतो, तोच या कामीं सर्वांत स्वस्त आणि समर्थ सहायक आहे. मात्र त्याला कामास कसें लावावें हें आपल्या माठापासून शिकलें पाहिजे.

एका अंशाची किंमत

प्रवाळाला फाजील उष्णता कां सोसत नाहीं, याचें कारण मोठें मनोवेधक आहे. प्रवाळप्राण्याच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवालें राहतात. सूर्यप्रकाशावर तीं अन्न तयार करतात व त्यांतला मोठा वांटा यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा आणि खत पुरवितो. प्रवाळाचा रंगहि बहुतांशीं या बिऱ्हाडकरूंचाच असतो. पाणी बेताबाहेर तापलें कीं हा संसार मोडतो. शैवालांपासून घातक द्रव्यें उत्पन्न होऊं लागतात, प्रवाळ त्यांना घराबाहेर काढतो आणि स्वतः पांढराफटक पडतो. तो त्याच दिवशीं मरत नाहीं. परंतु अन्नदाता गेल्यामुळें त्याची उपासमार सुरू होते. याला उष्णता तरी किती लागावी? नेहमींच्या वर्षांतील सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून पाणी अवघें एक अंश अधिक तापून चारएक आठवडे तसेंच राहिलें, तर प्रवाळ पांढरे पडूं लागतात.

हें आपल्या किनाऱ्यावरहि घडलें आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या उथळ समुद्रांत प्रवाळ आहेत. १९८७ सालीं तेथें मालवण सागरी अभयारण्य स्थापन झालें. तेथील प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद २०१४ सालीं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं केली. लक्षद्वीपावर तर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या सालीं ही आपत्ति मोठ्या प्रमाणावर आली.

घरच्या कांचपेटींत धोका याहून जलद येतो. समुद्र अफाट, म्हणून तो सावकाश तापतो; २०० लिटरांची पेटी एका दुपारींत तीन-चार अंश चढूं शकते. शिवाय प्रवाळ नसले तरी मासे व कोळंबी यांच्या श्वासाचा प्रश्न राहतोच. २५ अंशांच्या समुद्रजलांत लिटरमागें पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायु विरघळूं शकतो. ३० अंशांस तें प्रमाण सव्वासहाच्या जवळ उतरतें. आणि नेमक्या त्याच वेळीं उष्णतेमुळें माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणून पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावें, व दिवसरात्रींत एक-दोन अंशांहून अधिक चढउतार होऊं नये, असा सर्वसाधारण नियम आहे. ३० अंश ही धोक्याची पायरी समजावी.

आधीं कायदा

थंडाव्याचे उपाय सांगण्यापूर्वीं एक गोष्ट स्पष्ट करणें आम्हांस अवश्य वाटतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं सर्व कठीण प्रवाळ, काळें प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यांत आला. समुद्रघोडेहि त्याच यादींत आहेत. ज्या यादींत वाघ, त्याच यादींत हे जीव. ते समुद्रांतून काढणें, विकणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा आहे आणि त्यांचे वाळलेले सांगाडेहि याला अपवाद नाहींत. “सगळेच ठेवतात” हें दुकानदाराचें आश्वासन न्यायालयांत उपयोगी पडत नाहीं.

मग पेटींत ठेवावें काय? सिमेंटचा किंवा भाजलेल्या मातीचा घडविलेला खडक ठेवावा. कांहीं महिन्यांत त्यावर उपकारक जंतूंची व शैवालांची वस्ती होते. मासे शक्यतों पैदास-केंद्रांत जन्मलेले घ्यावे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशाची पैदास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें साध्य केली आहे. असा मासा घरीं आणल्यानें समुद्रांतला एकहि जीव कमी होत नाहीं. खरेदी करतांना पावती मागावी आणि मासा कोठला हें विचारून घ्यावें. मुलांना ही चौकशी आपल्यादेखत करूं द्यावी. नागरिकत्वाचा तो एक चांगला धडा आहे.

उष्णता येते कोठून?

पेटींत उष्णता तीन वाटांनीं शिरते : घरांतून, दिव्यांतून आणि पंपांतून.

पहिली वाट जागेच्या निवडीनें पुष्कळशी बंद होते. जुन्या वाड्याचें माजघर या कामीं उत्तम. जाड भिंती, वर माळवद आणि थेट ऊन कधींच नाहीं. आजच्या घरांत उत्तरेकडची, आणि वर दुसरा मजला असलेली खोली निवडावी. पश्चिमेची भिंत व पत्र्याखालची खोली सर्वथा वर्ज्य. २०० लिटरांची पेटी पाणी, खडक व कांच मिळून अडीचशे किलोंच्या पुढें जाते, तेव्हां ती तळमजल्यावर असणेंच सर्व दृष्टींनीं श्रेयस्कर. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून दुपारीं तो ओला ठेवला, तर खोली आणि तींत बसणारीं माणसें दोघांनाहि सुख होतें.

दुसरी वाट दिव्यांची. जुन्या पद्धतीचे प्रखर दिवे पाण्यावर शेगडी धरल्यासारखे तापत; आजच्या एल. ई. डी. दिव्यांनीं हा ताप पुष्कळ कमी केला आहे. तथापि तेहि भर दुपारीं लावूं नयेत. माशांना दिवस केव्हां उगवतो हें आपल्या घड्याळानें ठरवितां येतें. सायंकाळीं चारला दिवे लावून रात्रीं अकराला मालवावे. यांत आणखी एक लाभ असा कीं, घरांतलीं सर्व माणसें कामावरून व शाळेंतून परत आल्यावरच पेटी उजळते, आणि तिचा आनंद सर्वांना मिळतो.

तिसरी वाट पंपांची. ती सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पाण्यांत बुडालेला पंप जितकी वीज खातो तितकी बहुतेक सारी उष्णता होऊन पाण्यांत उतरते. एक लिटर पाणी एका अंशानें तापविणाऱ्या उष्णतेला एक किलोकॅलरी म्हणतात. सर्व पंप मिळून १०० वॉटचे असले, तर चोवीस तासांत ते सुमारें २,०६० किलोकॅलरी पाण्यांत ओततात. ही उष्णता मुळींच बाहेर पडली नाहीं, तर २०० लिटर पाणी एका दिवसांत दहा अंशांनीं चढेल. म्हणून विकत घेतांना पंपाच्या जोराबरोबर त्याचे वॉटहि पाहावे.

माठाचा धडा

मत्स्यालयाची हौस मूळची थंड देशांतली. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचें यावरचें प्रसिद्ध पुस्तक १८५४ सालीं निघालें आणि इंग्लंडांत घरोघरीं कांचपेट्या दिसूं लागल्या. तिकडच्या गृहस्थाला हिवाळ्यांत पाणी ऊबदार कसें ठेवावें याची चिंता. उलट जाकार्ता येथील ली चिन एंग या हौशी गृहस्थानें उष्ण देशांत राहून, फारशा यंत्रांवांचून, हवेचे बुडबुडे आणि समुद्रांतला जिवंत खडक एवढ्यांवरच पेटींतले प्रवाळ कसे जगविले याची हकीकत १९६१ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या परिस्थितीला आपले उपाय शोधावे, एवढा बोध त्यांतून आपण घ्यावा.

आपला उपाय माठांत आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाऱ्यावर उडून जातें आणि उडतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. एक लिटर पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे २०० लिटरांच्या पेटींतून एकच लिटर पाणी उडालें, तर उरलेलें पाणी जवळजवळ तीन अंशांनीं उतरेल. मात्र तेवढ्या वेळांत बाहेरून नवी उष्णता आलेली नसावी. वर सांगितलेल्या १०० वॉटच्या पंपांचा रोजचा ताप फेडावयास साडेतीन लिटर पाणी उडावें लागतें.

आतां हें पाणी किती उडेल आणि किती अंशांपर्यंत उतरेल हें हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. थर्मामीटरच्या टोंकाला ओलें मलमल गुंडाळून तो पंख्याच्या वाऱ्यांत धरला, तर पारा उतरत उतरत एका ठिकाणीं थांबतो. त्या खोलींत वाऱ्यानें पाणी थंड करण्याची ती शेवटची मर्यादा. मुंबईस हवा ३४ अंश आणि आर्द्रता शेंकडा ६५ असतांना ही मर्यादा २८ अंशांच्या वर राहते. म्हणजे तेथें कितीहि पंखे लावले तरी पेटी २६ वर यावयाची नाहीं. उलट शिरूर-दौंडकडे वैशाखांत घरांतली हवा ३६ अंश असली तरी आर्द्रता शेंकडा २५ असली, तर ही मर्यादा २१–२२ अंशांपर्यंत खालीं जाते. प्रत्यक्षांत पेटीचें पाणी या मर्यादेच्या चार-पांच अंश वरच राहतें, कारण उष्णता तिन्ही वाटांनीं येतच असते. परंतु चार-पांच अंश मिळविले तरी आपण २६–२७ वर आलों! किनाऱ्यावरच्या श्रीमंताला जें यंत्रावांचून साधत नाहीं, तें दौंडच्या मध्यम स्थितींतील गृहस्थाला दोन लहान पंख्यांनीं साधूं शकतें तें असें.

पंखे पेटीच्या कांठावर तिरपे बसवावे, म्हणजे वारा पाण्याच्या पृष्ठावरून सरपटत जाईल. वरचें कांचेचें झांकण काढून बारीक जाळी ताणावी. झांकणानें वाफ कोंडते आणि जाळीवांचून मासे बाहेर उड्या घेतात. पेटीखालीं गाळणीची जोडटाकी असल्यास तिच्यावरहि एक पंखा ठेवावा. पाणी सव्वीसाच्या वर गेलें कीं पंखे आपोआप चालूं होतील आणि उतरलें कीं थांबतील असा तापमान-नियंत्रक बाजारांत मिळतो. त्यावर खर्च जरूर करावा. खोलीची एक खिडकी मात्र थोडी उघडी असूं द्यावी. बंद खोलींत दमटपणा सांचला कीं आपणच आपल्या दारीं मुंबईची हवा आणली असें होतें.

मिठाचा आणि पाण्याचा हिशेब

या उपायाची एक किंमत आहे. पाणी उडतें, मीठ उडत नाहीं. समुद्रजलांत लिटरमागें ३५ ग्रॅम मीठ असतें. २०० लिटरांच्या पेटींत ७ किलो. दोन दिवसांत १० लिटर पाणी उडालें आणि कोणी भरलें नाहीं, तर तेंच मीठ १९० लिटरांत राहून लिटरमागचें प्रमाण ३७ ग्रॅमच्या जवळ जातें. म्हणून पेटीच्या कांचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि रोज सकाळीं त्या खुणेपर्यंत पाणी भरावें. हें पाणी गोडें, शुद्ध केलेलें असावें. भर घालतांना खारें पाणी कधींहि घालूं नये, नाहींतर मिठांत मीठ वाढत जाईल.

नळाचें वा विंधणविहिरीचें पाणी तसेंच ओतणेंहि बरें नव्हे. तें जड असतें आणि ऊसपट्ट्यांत रासायनिक खतांचा अंशहि त्यांत उतरलेला असूं शकतो. घरगुती आर. ओ. यंत्राचें पाणी चालेल. तें यंत्र एक भाग शुद्ध पाण्यामागें दोन-तीन भाग पाणी टाकून देतें. तें बादलींत धरून फरशी पुसावयास वा भांडीं विसळावयास वापरावें. ज्या तालुक्यांतल्या कित्येक वाड्या-वस्त्यांना टंचाईच्या वर्षीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें शोभेसाठीं रोज चार-पांच लिटर पाणी वाऱ्यावर सोडतांना मन शंकित व्हावें हें योग्यच आहे. आमचें मत असें कीं, पेटीचें पाणी घरांतल्या इतर काटकसरींतून काढावें, आणि ज्या घराला स्वतःपुरतेंच पाणी मोजून घ्यावें लागतें त्यानें या हौसेच्या वाटेस जाऊं नये.

बर्फ, यंत्र आणि वीज

पुष्कळांना प्रथम बर्फ सुचतो. त्याचा हिशेब पाहा. एक किलो बर्फ वितळून २६ अंशांपर्यंत येतांना सुमारें १०६ किलोकॅलरी घेतो, म्हणजे २०० लिटर पाणी अर्ध्या अंशानें उतरवितो. एक लिटर पाण्याच्या वाफेचें काम करावयास साडेपांच किलो बर्फ हवा. शिवाय उघडा बर्फ टाकल्यास पाणी अळणी होतें. तेव्हां बर्फ हा अडीअडचणीचा सोबती. बाटल्या गोठवून, बुचें घट्ट लावून, एका वेळीं एकच बाटली पाण्यांत सोडावी. एकदम चार सोडल्यास पाण्याला जो धक्का बसतो तो उन्हाइतकाच वाईट.

पाणी थंड करणारें यंत्र, ज्याला चिलर म्हणतात, तें खात्रीचें आहे. परंतु तें उष्णता नाहींशी करीत नाहीं. पाण्यांतली उष्णता काढून, तींत आपल्या विजेच्या उष्णतेची भर घालून, तें ती खोलींत ओततें. पेटीखालच्या बंद कपाटांत तें ठेवणें म्हणजे एका हातानें वारा घालून दुसऱ्यानें शेगडी फुंकणें होय. तें नेहमीं व्हरांड्यांत किंवा खिडकीशीं ठेवावें.

खरी परीक्षा वीज जाते तेव्हां. अशा वेळीं उष्णतेपेक्षां प्राणवायूची टंचाई आधीं येते, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरांत तयार असावा, किंवा इन्व्हर्टरवर निदान एक पंप आणि एक पंखा जोडून घ्यावा. वीज येईपर्यंत माशांना अन्न घालूं नये. न खाल्लेलें अन्न कुजतांना उरलासुरला प्राणवायु खाऊन टाकतें.

या बाबतींत एकत्र कुटुंबाचा लाभ मोठा आहे. भर दुपारीं दोन वाजतां, वीज गेली असतां, घरीं कोणी तरी असतेंच. कर्ता मुलगा कारखान्यांत असेल, पण आजोबांना थर्मामीटर वाचतां येतो आणि सूनबाईंना पंप जोडतां येतो. पेटीजवळ एक वही टांगून तींत सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं पाण्याचे अंश मांडण्याचें काम मुलांकडे द्यावें. मात्र अन्न घालण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. नाहींतर प्रत्येकाच्या मायेची एक एक चिमूट मिळून माशांचा घात होतो.

पावसाळा लागला कीं हवेंत ओल येते आणि पंख्यांचा जोर उणावतो. परंतु हवाहि तोंवर निवलेली असते, तेव्हां फारशी काळजी नाहीं. आश्विनांतल्या उन्हांत पुन्हां एकदां वही नीट पाहावी.

ज्यांना ही हौस करावयाची असेल त्यांनीं घाईनें मासे आणूं नयेत. फाल्गुनांत पेटी मांडावी, खारें पाणी आणि घडविलेला खडक घालावा, पंप व पंखे चालूं करावे आणि ज्येष्ठापर्यंत एकहि मासा न आणतां रोजचे अंश वहींत लिहावे. सर्व उन्हाळा मिळून पाणी २७ च्या वर क्वचितच गेलें, तर मृगाच्या सरीनंतर पहिले दोन विदूषक मासे आणावे. वारंवार तीस ओलांडलें, तर जागा बदलून पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी. तेंहि न साधेल तर पेटी गोड्या पाण्याच्या, उष्णता सोसणाऱ्या माशांना द्यावी. या प्रयोगांत एक वर्ष जाईल, थोडें मीठ जाईल. जीव मात्र एकहि जाणार नाहीं. आणि एक अंश म्हणजे काय, हें ज्या मुलांनीं स्वतःच्या वहींत मांडलें असेल, त्यांना मालवणच्या समुद्राची बातमी वाचतांना ती समजावून सांगावी लागणार नाहीं.